आमचे माशीवाले दाजी

देवाने मला जेवढा संताप दिला होता, तेवढा सगळा माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने एकट्याने खर्च करून टाकला. म्हणजे आमच्या दाजींनी. नंदुरबारात माझं औषधाचं दुकान आहे. त्यामुळे उद्धटपणे चिठ्ठी फेकणारी, एक गोळी कापून मागणारी, कालचं औषध अर्धं वापरून परत करणारी माणसं मी रोज पाहतो आणि त्यांच्यावर हसतो. दाजींवर हसता मात्र आलं नाही. त्यांच्यावर मी तीस वर्षं चिडलो, आणि तेही मनातल्या मनात. कारण आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचं नसतं. तो आला की खुर्ची रिकामी करायची, पंखा त्याच्याकडे वळवायचा, तो म्हणेल त्याला मान हलवायची आणि तो गेला की बायकोसमोर तासभर बडबडायचं. माझी बायको एकदा म्हणाली होती, "तुम्हीन दाजीसंगे इतलं भांडतस, पन दाजीसलेच माहीत नई." तिचं खरं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी सोसत होतो, आणि मारणाऱ्याला वाटत होतं की आपण शालकाला मायेने थोपटतो आहोत.

दाजी तापीकाठच्या एका गावातले बागायतदार. केळी, पपई, टरबूज. अंगाने उंच, मिशी भरघोस, आवाज असा की रनाळ्याच्या बाजारात बोलले तर धानोऱ्याला ऐकू यावा. आयुष्यात ते डॉक्टरची पायरी चढले नाहीत आणि दुसरं कुणी चढलेलं त्यांना खपलं नाही. मी दुकान उघडलं तेव्हा ते तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावर होते. मग लोहचुंबकाचा पट्टा आला. तो कमरेला बांधून ते ट्रॅक्टरवर बसत आणि पान्हे त्यांना चिकटत. मग कडुनिंबाचा रस आला, आणि मग तापीच्या गाळाने अंघोळ, जिच्यामुळे बहिणीच्या न्हाणीघराची मोरी सहा महिने तुंबली. यातलं काहीही ते स्वतःपुरतं ठेवत नसत. बाजाराला आले की थेट माझ्या दुकानात, माझ्याच खुर्चीत बसत आणि गिऱ्हाइकाच्या हातातली चिठ्ठी काढून घेऊन वाचत. इंग्रजी त्यांना येत नाही, पण त्याने काही अडत नसे. "हाई मलम काय कामनं?" ते गिऱ्हाइकाला म्हणत. "हाऊ गोळीवाला मन्हा शालक शे, म्हनीसन सांगस. घर जाय, कडूनिम लाव." गिऱ्हाईक बिचारं एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे, आणि मी हसून मान हलवत असे. माझ्याच दुकानात माझंच गिऱ्हाईक परत जात होतं आणि मी त्यांच्यासाठी चहा सांगत होतो.

माश्यांचं प्रकरण टरबुजापासून सुरू झालं. फुलावर माश्या बसल्या तर फळ चांगलं धरतं, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने दाजींनी शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. इथवर माझं काही म्हणणं नाही. टरबूज उत्तम आलं, मीही खाल्लं. पण एक दिवस पेटी उघडताना त्यांच्या कोपरावर माशी चावली, नेमकी तिथे, जिथे त्यांना बरेच दिवस खाज सुटत होती. कोपर सुजलं, ठणकलं, आणि ठणक्यापुढे खाजेची आठवण राहिली नाही. एवढ्यावर एखादा शहाणा माणूस कोपरावर चुना लावून गप्प बसला असता. दाजी त्याच दिवशी मोटारसायकल काढून माझ्या दुकानात आले आणि सुजलेलं कोपर त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं. "देख," म्हणाले, "माशी चावनी आनि खाज गई. विषले विष मारस. आते बोल, गोळीवाला." मी काय बोलणार? डोक्यात दगड घातला तर दातदुखीही थांबते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "चहा घेता का, दाजी?"

त्यानंतर त्यांनी जे मांडलं त्याला मी दवाखाना म्हणणार नाही, कारण मला अजून लाज आहे. पपईच्या बांधावर एक खाट, खाटेवर रोगी, शेजारी लोणच्याची रिकामी बरणी, तिच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं आणि आत पंधरा-वीस माश्या. दाजी चिमट्याने एक माशी पंखाला धरून काढायचे, खाज असेल तिथे टेकवायचे, ती डंख रुतवायची आणि मरायची. मेलेल्या माशीला ते हात जोडायचे. रोग्याला मात्र हात जोडायला सवड नसायची, तो बोंबलत असायचा. खरूज, गजकर्ण, इसब, घामोळं, दाजींना सगळं सारखंच. आमच्या भागातले लोक सोशिक खरे. ग्रामसेवकाच्या मानेला गजकर्ण झालं होतं. चार माश्या लावल्यावर त्याची मान इतकी सुजली की तीन दिवस सरपंच काय म्हणतात ते बघायला त्याला अख्खं अंग वळवावं लागत होतं. दाजी म्हणाले, औषध उतरतंय. चौथ्या दिवशी तो गुपचूप माझ्याकडून मलम घेऊन गेला, पंधरवड्यात बरा झाला आणि गावभर सांगत सुटला की माशीनं गुण दिला, कारण दाजींना वाईट वाटायला नको. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मलम माझं, मान त्याची आणि मान मिळाला माशीला.

आता त्यांचा एस.टी.चा पराक्रम. शहाद्याला कुणाची तरी म्हातारी अंग खाजवून हैराण झाली होती, तिच्यासाठी दाजी बरणी मांडीवर घेऊन निघाले. कंडक्टरने विचारलं, "आबा, काय शे बरनीमा?" दाजी म्हणाले, "औषध." पुढे खड्डा आला, झाकण उडालं आणि प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे ती गच्च भरलेली गाडी दोन मिनिटांत रिकामी झाली. बायका, पोरं, कोंबड्या, ड्रायव्हर, सगळे रस्त्यावर. आत एकटे दाजी रिकामी बरणी घेऊन बसले होते आणि खिडकीतून लोकांना रागे भरत होते, "मन्हं औषध उधळी टाकं तुम्हीन." हे मला त्याच कंडक्टरने सांगितलं, सुजलेल्या कानाला लावायचं औषध घेता घेता. दाजी माझे कोण, हे मी त्याला सांगितलं नाही.

एकदा त्यांना वाटलं की आपल्या पेटीतल्या माश्या खाऊन-पिऊन मवाळ झाल्या आहेत, जंगलातल्या तेज असतील. म्हणून ते तोरणमाळला गेले, आणि दुर्दैवाने मला बरोबर घेऊन गेले. ती चढण, ती वळणं, मागे बसलेला मी आणि पुढे एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने डोंगर दाखवणारे दाजी. वर एक पावरा आदिवासी म्हातारा भेटला. मध काढण्यात त्याची हयात गेली होती. दाजींनी त्याला आपलं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकलं, मग माझ्याकडे वळून तोडक्या मराठीत म्हणाला, "आम्ही माशी चावू नये म्हणून धूर करतो. हा चावून घ्यायला इतका वर चढला?" मला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले. मी वर्षानुवर्षं जे गिळत होतो ते त्याने एका दमात सांगून टाकलं होतं. दाजींवर मात्र काही परिणाम नाही. उतरताना मला म्हणाले, "म्हातारा अडानी शे." आणि माश्यांचं एक पोळं खोक्यात घालून त्यांनी खाली आणलंच. ते खोकं घाटभर माझ्या मांडीवर होतं.

इथपर्यंत तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आता लिहिताना येतंय. पण मी चिडत होतो ते ग्रामसेवकाच्या मानेसाठी नाही. माझ्या बहिणीला सोरायसिस आहे. लेकीच्या जन्मानंतर सुरू झाला. कोपरं, पाठ आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात. लाल चट्टे, त्यावर पांढऱ्या खपल्या. मी तिला डॉक्टरांकडे नेत असे. दाजी यायचे ते फाटकापर्यंत, आणि बाहेर रिक्षात बसून राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा मुळापासून जात नाही पण आटोक्यात राहतो, आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्यांनी सांगितलं, आम्ही ऐकलं, आणि घरी आल्यावर त्या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. गाव मात्र नाव न घेता सगळं करत होतं. लग्नकार्यात तिला कुणी कणीक मळू देत नसे. पापड लाटायला बोलावत नसत. दिवाळीचा तिचा फराळ ज्या घरी जाई तिथली गुरं तो खात, हे तिला माहीत होतं आणि तरी ती पाठवायची. आणि आता तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. लेकीला हळद लावायची आणि आपल्या हातांनी लावायची, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. ती बोलली नव्हती, पण दिवसातून दहादा हात पालथे करून बघायची. दाजींनी ते पाहिलं. त्यांनी ठरवलं, लग्नापर्यंत हे हात साफ करायचे. माशीने.

हिवाळाभर दोन दिवसांआड एक माशी, कधी दोन. बहीण दात-ओठ आवळून हात पुढे करायची. नवऱ्याने एवढ्या प्रेमाने आणलेल्या विषाला नाही म्हणवत नाही, म्हणायची. मी तिला चोरून मलम देत होतो, ती ते ज्वारीच्या कोठीत लपवत होती आणि ते आडोशाला जाऊन लावत होती. माघ-फाल्गुनात ऊन वाढलं, उन्हाने तसेही चट्टे जरा निवळतात, त्यात मलम, आणि हात खरोखर बरे दिसू लागले. दाजींनी ते हात मला दुकानात आणून दाखवले. "आते बोल," म्हणाले. बहीण पदराआडून माझ्याकडे बघत होती, बोलू नको म्हणून. उन्हाचं श्रेय माशीला, मलमाचं श्रेय माशीला, आणि मी पुन्हा चहा सांगितला. मग टरबुजाची तोडणी आली आणि महिनाभर माशीला खंड पडला.

आखाजीला बहीण माहेरी आली, म्हणजे माझ्याकडे. बरोबर दाजी आले आणि दाजींबरोबर बरणी, कारण लग्नाला थोडेच दिवस उरले होते. सकाळी पुरणपोळीचा स्वयंपाक चालला होता. दारापुढच्या ओट्यावर दाजींनी बहिणीला बसवलं. माश्या तोरणमाळच्या, तेज. पहिली त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या मनगटाला लावून बघितली. लालसुद्धा झालं नाही. मग बहिणीला खंड भरून काढायला एकदम तीन. मी दारात उभा होतो. मला माहीत होतं की रोज माश्या चावून घेणाऱ्या माणसाचं अंग निबर होतं, त्याला काही झालं नाही म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं नसतं. मला हेही माहीत होतं की ज्याला आधी चावून मधे खंड पडलाय त्याचं अंग पुढच्या वेळी एकदम उसळू शकतं. औषधांच्या धंद्यात हे कळायला फार शिक्षण लागत नाही. मी म्हणालो, "दाजी, आज सणना दिन शे, ऱ्हाऊ द्या." एवढंच. ते म्हणाले, "सननाच दिन चांगला."

पाच मिनिटंही झाली नसतील. बहीण तळहात खाजवायला लागली. मग तिचे ओठ सुजले. ती मला म्हणाली, "भाऊ, माले कसंतरी व्हई ऱ्हायनं, श्वास लागी ऱ्हायना," आणि ओट्यावरच कलंडली. हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर आहे. तिथवर तिला कसं नेलं हे मला नीट आठवत नाही. पायात चप्पल नव्हती आणि हाताला पुरण लागलेलं होतं. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, नळी लावली. थोड्या वेळाने म्हणाले, आणखी उशीर केला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

बाहेर आलो तर दाजी फाटकाशी उभे. हातात बरणी. ती त्यांनी घाईत बरोबर आणली होती, वॉचमन ती आत नेऊ देत नव्हता आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. मी म्हणालो, जगेल. ते म्हणाले, "मी पहिले मन्हा हातले लावी दखं व्हतं. माले काहीच व्हयनं नई." मग माझा तीस वर्षांचा बांध फुटला. "तुमले काय व्हई, दाजी? तुमले रोज चावतस. तुमनं आंग सरावेल शे. तिन्हं नई. तिले मधे खंड पडना, तिले हाई व्हनारच व्हतं." मी ओरडत होतो, वॉचमन बघत होता. दाजींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग हळू विचारलं, "हाई तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग माले सांगं काबर नई?"

तुम्ही बहिणीचे नवरे, तुम्हाला उलट बोलायचं नाही, म्हणून. बहीण मेली असती तरी मी बहुतेक तिरडीला खांदा देत त्यांच्यासाठी चहा सांगितला असता. इतकी वर्षं माझा संताप मला फार शहाणा वाटत आला होता. त्या दिवशी कळलं की तो नुसताच भित्रा होता.

दाजींनी पेट्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला देऊन टाकल्या. बरणी बहिणीने धुऊन परत लोणच्याला घेतली. आता ते बाजाराला येतात, माझ्या खुर्चीत बसतात, पण गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेत नाहीत. कुणी त्यांना मुद्दाम विचारलं, "दाजी, हाई खाजले काय लावू?" तर माझ्याकडे बोट दाखवतात आणि रस्त्याकडे बघत बसतात. मी कधी कधी मुद्दाम एखाद्या मलमाची जास्तच तारीफ करतो, म्हणजे ते उसळतील, मला गोळीवाला म्हणतील. ते म्हणत नाहीत. इतका समंजस माणूस घेऊन मी काय करू, मला कळत नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. इंजेक्शनं आणि काळजी यांनी बहिणीच्या हातांवरचे चट्टे पुन्हा फुलले होते. हळदीला मांडवात बायका जमल्या, नवरी पाटावर बसली. बहिणीने हळदीची वाटी उचलली आणि दाजींची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, गोड आवाजात म्हणाली, "बाई, तू ऱ्हाऊ दे. मामी लावी दी. तू लांबथीन आशीर्वाद दे." दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. बहिणीने वाटी खाली ठेवली आणि हात पदरात घेतले. एवढंच झालं. कुणी भांडलं नाही.

मी मांडवाच्या खांबाशी होतो. माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. दाजी होते. एवढा मोठा आवाज असलेला माणूस कुजबुजत होता. "तू सांग त्यासले. हाऊ रोग लागत नई असं सांग."

"तुम्हीन सांगा. तुमनी बहीन शे."

"मन्हं कोनी ऐकाव नई," दाजी म्हणाले. "मी आजलोंग इतलं काय काय सांगं लोकेसले. आते काहीबी सांगं तरी माशीवाला बोलस म्हनतीन. तू सांग."

मग मी पुढे गेलो. बायकांच्या मधोमध, हळदीच्या पाटाशी, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या नात्याच्या बाईला सगळ्यांदेखत उलट बोललो. "आक्का, हाऊ रोग कोनलेच लागत नई. माले डाक्टरनी सांगेल शे, पंचवीस वरीस व्हयनात. पोरले पहिली हळद तिन्ही माय लाई." वाटी भाचीने स्वतः उचलली आणि आईच्या हातात दिली. बहिणीने हळद लावली, कपाळाला, गालांना, दोन्ही हातांना. भेगांतून ती झोंबत असणार, पण ती थांबली नाही.

मी खांबाशी परत आलो. मला वाटलं, दाजी खूश असतील. ते तिकडे बघतच होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खरंच लागत नई का रे?"

मी म्हणालो, "नई, दाजी. तुमले माहीत नई?"

"माले कोन सांगनार? मी समजे, लागत व्हई."

पंचवीस वर्षं. तव्यावरून उतरलेली भाकरी हा माणूस माझ्या बहिणीच्या हातून सरळ आपल्या हातात घेत आला होता, तिच्या पाठीला, तिचा हात पोहोचत नाही तिथे, तेल चोळत आला होता, आणि रोज त्याला वाटत होतं की आज ना उद्या हे आपल्यालाही होईल.